भाच्याचा आजार आणि माझी लांबणारी पाळी, यांचा काही संबंध आहे का?

(पत्र थोडं छोटं केलंय, नावं आणि गाव काढलंय.)

"ताई, मी २८ वर्षांची, सांगली जिल्ह्यातली. लग्नाला अडीच वर्षं झाली. माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा ६ वर्षांचा आहे, उशिरा बोलायला लागला, अजूनही एकच वाक्य परत परत म्हणतो, डोळ्यात बघत नाही, हात झटकत राहतो. सगळे ऑटिझम म्हणाले, गेल्या वर्षी पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं तर फ्रॅजाइल एक्स निघालं. मग ताईचं तपासलं, ती कॅरियर, म्हणजे तिला आजार नाही पण तिच्याकडून पुढे जाऊ शकतो, रिपोर्टमध्ये प्रीम्युटेशन ८६ असं आहे. तेव्हापासून तिच्या सासरी 'तुमच्याकडचंच आलंय हे' रोज ऐकवतात. आता माझं. वर्षभर माझी पाळी पुढे जाते, कधी ४० दिवस कधी ५०. दिवस राहत नाहीत. इथल्या मॅडमनी एएमएच केलं, ०.८ आलं, म्हणाल्या अंडी कमी आहेत, लगेच आयव्हीएफ करा. भाच्याचं सांगितलं तर त्यांनी आमच्या दोघांचं कॅरियोटाइप केलं, ते नॉर्मल आलं, म्हणाल्या आता काळजी नाही. आईची पाळी ३८ व्या वर्षी गेली, मावशीची ३६ व्या. आई म्हणते आपल्यात लवकरच जाते. आईचे वडील ७६ चे आहेत, त्यांचे हात थरथरतात, चालताना तोल जातो, पार्किन्सनच्या गोळ्यांनी फरक नाही. माझ्या मिस्टरांना सगळं माहितीये, सासरी काहीच माहीत नाही, सासूबाई सारखा कुठून तरी काढा आणतात. आई म्हणते आयव्हीएफ करायचंच तर मावशीच्या मुलीची बीजं घे, घरचंच रक्त राहील. ती २३ ची आहे, तिला स्थळं बघतायत आणि मावशीने बजावलंय की तिचं लग्न होईपर्यंत या आजाराचं नाव काढायचं नाही. मला झोप लागत नाही. आधी काय करू?"

आधी काय करू असं विचारलंस ते बरं केलंस, कारण तुझ्या पत्रात सात-आठ प्रश्न एकमेकांत अडकलेत आणि त्यातला एकच आज हातात घेण्यासारखा आहे. आयव्हीएफची फाइल उघडायच्या आधी स्वतःची फ्रॅजाइल एक्सची, म्हणजे भाच्याच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घे. याच आठवड्यात. मी डॉक्टर नाही, जेनेटिक काउन्सेलिंगच्या ओपीडीत बरीच वर्षं बसलेय, तेव्हा गोळ्या-इंजेक्शनांचं तुझ्या डॉक्टरांना विचार, पण तपासणी कोणती आणि का ते मी सांगते.

कॅरियोटाइप केलं त्यात चूक काही नाही, पण या आजारासाठी त्याचा उपयोग जवळपास शून्य. त्यात गुणसूत्रं किती आहेत, एखादा मोठा तुकडा तुटलाय का, इकडचा तिकडे चिकटलाय का एवढंच दिसतं. फ्रॅजाइल एक्सचा घोळ त्याहून फार बारीक असतो, तो तिथे दिसत नाही, आणि हल्ली सगळीकडे करतात त्या महागड्या एक्झोम तपासणीतही (बहुतेक जनुकं एकदम वाचतात ती) सहसा सापडत नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण 'एक्झोम नॉर्मल आलं' म्हणून निर्धास्त झालेली घरं मी पाहिलीत. लॅबला सांगताना 'एफएमआर-वन जनुकाची सीजीजी रिपीट तपासणी' असंच सांगायचं. साधं हाताचं रक्त लागतं, काही हजारात होते, रिपोर्टला दोन-तीन आठवडे धर. आणि ताईच्या व भाच्याच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत ने, फोनमधला अर्धवट फोटो नको, सगळी पानं.

आता हे सीजीजी काय प्रकरण आहे. एक्स गुणसूत्रावर एफएमआर-वन नावाचं जनुक आहे, १९९१ मध्ये सापडलं, त्याच्या सुरुवातीच्या भागात सीजीजी ही तीन अक्षरं लागोपाठ येतात, बहुतेक लोकांत ३० च्या आसपास वेळा. पाढे म्हणताना एखादं पोर 'बे पंचे दहा'वरच अडकतं आणि तेच तेच घोकत बसतं ना, तसं काही घराण्यांत ही अक्षरं पिढी पुढे जाताना वाढत जातात. ४४ पर्यंत नॉर्मल, ४५ ते ५४ हा मधला पट्टा, ५५ ते २०० म्हणजे प्रीम्युटेशन आणि २०० च्या वर गेलं की फुल म्युटेशन. फुल झालं की जनुक बंद पडतं, मेंदूच्या वाढीला लागणारं त्याचं प्रोटीन बनत नाही, तुझ्या भाच्याचं तेच झालंय. प्रीम्युटेशनवाल्यांचं जनुक चालू असतं, त्यांचं बोलणं, शिक्षण, नोकरी, संसार सगळं बहुतेक वेळा चारचौघांसारखं असतं आणि म्हणूनच घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणाला पत्ता लागत नाही.

पण प्रीम्युटेशन अगदीच गुपचूप बसत नाही. बायकांमध्ये ते अंडाशयाला त्रास देतं. एरवी ४० च्या आत पाळी जाणं शंभरात एखादीला होतं, प्रीम्युटेशन असलेल्या बायकांत ते साधारण पाचात एकीला होतं, आणि बाकीच्यांचीसुद्धा पाळी इतरांपेक्षा सरासरी पाचेक वर्षं आधी जाते. पाळी लांबायला लागणं, एएमएच वयाच्या मानाने खाली असणं ही त्याची सुरुवात असू शकते. पुरुषांमध्ये वेगळं होतं, पन्नाशी-साठीनंतर काहींचे हात थरथरायला लागतात, चालताना तोल जातो, विसरभोळेपणा येतो. आता तुझं पत्र परत वाच. आजोबांचे हात, आईची ३८ व्या वर्षी गेलेली पाळी, मावशीची ३६ व्या, ताईचं ८६, भाच्याचं फुल. तू या सगळ्या गोष्टी एकामागोमाग लिहिल्यास पण वेगवेगळ्या समजून लिहिल्यास. मला वाटतं ही एकाच घराची एकच गोष्ट आहे, आणि तुझी लांबलेली पाळीही कदाचित त्यातच आहे. कदाचित म्हणते, कारण तुझं रक्त अजून कुणी तपासलेलं नाही.

हे घरात कसं फिरलं असेल बघ. पुरुषाकडे एकच एक्स, तो मुलाला जात नाही, मुलीलाच जातो. म्हणजे आजोबांना प्रीम्युटेशन असेल तर त्यांच्या सगळ्या मुलींना ते गेलंच, तुझ्या आईलाही आणि मावशीलाही, आणि मामा असेल तर तो पूर्ण सुटला. बापाकडून मुलीकडे जाताना ते प्रीम्युटेशनच राहतं, फुल होत नाही, म्हणून आई-मावशी दोघी व्यवस्थित. बाईकडे दोन एक्स, त्यातला कुठला पुढे जाईल ते छापा-काटा, म्हणून तुम्हा भावंडांना प्रत्येकाला ५० टक्के. आणि आईकडून जाताना मात्र आकडा उडी मारू शकतो, ताईच्या ८६ चे मुलात २०० च्या वर गेले ते असे. तुला भाऊ असेल तर त्यालाही हे कळू दे, 'तो मुलगा आहे त्याला काय' असं नाही, त्याच्याकडे असलं तर त्याच्या मुलग्यांना काहीही जाणार नाही पण मुली सगळ्या कॅरियर होतील.

ताईच्या सासरच्यांना हे सगळं समजावून सांगण्यात किती अर्थ आहे मला माहीत नाही. आकड्यांनी टोमणे थांबत नाहीत. पण ताईला तरी नक्की सांग की तिने काही केलं नाही, गरोदरपणात काय खाल्लं, कुठलं ग्रहण पाळलं नाही, मोबाइल किती बघितला याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. आणि भाच्याला आता नाव मिळालंय याचा फायदा आहे, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, शाळेत वेगळी सोय आणि दिव्यांग प्रमाणपत्र या गोष्टींची वाट त्यातून मोकळी होते. मुंबईत अशा मुलांच्या पालकांची फ्रॅजाइल एक्स सोसायटी आहे, ताईला त्यांच्याशी बोलायला सांग, तिला आत्ता सल्ल्यापेक्षा त्याच बोटीतल्या दुसऱ्या आईची जास्त गरज आहे.

आता रिपोर्ट आल्यावर काय.

दोन आकडे येतील, कारण एक्स दोन. समज २९ आणि ३१ आले, तर तू या भानगडीतून बाहेर, तुझ्या बाळाला भाच्याचा आजार तुझ्याकडून जाण्याचा प्रश्नच मिटला. मग ०.८ चं कारण दुसरं शोधायचं, थायरॉइड, लहानपणी किंवा नंतर पोटाचं झालेलं ऑपरेशन, चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ), टीबी, आणि बऱ्याचदा कारण सापडतही नाही. पण तेव्हा तुझ्या मॅडम म्हणतात तशी घाई समजण्यासारखी आहे आणि तू सरळ त्यांच्या सल्ल्याने चालू शकतेस.

समज एक आकडा ६०-७०-८० मधला आला. तर मग दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेव. बाळ होईल का, हा एक. बाळ कसं होईल, हा दुसरा. तुझ्या डोक्यात ते मिसळलेत म्हणून झोप उडालीय. पहिला प्रश्न तुला घाई करायला लावतो आणि दुसरा थांबायला लावतो, एकाच वेळी.

पहिल्याचं बघू. एएमएच ०.८ म्हणजे साठा कमी आहे, पण म्हणून या महिन्यात दिवस राहणारच नाहीत असं ते सांगत नाही. एएमएच किती अंडी शिल्लक त्याचा अंदाज देतं, ती कशी आहेत ते नाही, आणि २८ व्या वर्षी अंड्यांचा दर्जा तुझ्या बाजूने आहे. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच (अंडाशयाला चालना देणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफीत अंडाशयातल्या बारीक फॉलिकलची, म्हणजे अंड्यांच्या पिशव्यांची मोजणी, या दोन्ही करून घे म्हणजे चित्र पूर्ण होईल. पाळी पूर्ण थांबून निदान झालेल्या बायकांतसुद्धा शंभरात पाच ते दहा जणींना नंतर आपोआप दिवस राहतात, तेव्हा 'संपलं' हा शब्द कुणाच्याही तोंडून आला तरी लगेच मान्य करायचा नाही. उलट बाजूही सांगते, साठा उद्या किती वेगाने उतरेल ते कुणी सांगू शकत नाही, म्हणून सहा महिने काढा पिऊन बघू, मग बघू, असं करायला तुझ्याकडे वेळ नाही. आणि हो, मिस्टरांची वीर्यतपासणी झालीय का? पत्रात कुठेच नाही. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी तपासणी आणि आपल्याकडे ती कायम सगळ्यात शेवटी. बायकोच्या दहा सुया होईपर्यंत नवऱ्याच्या एका डबीची आठवण कुणाला होत नाही.

दुसरा प्रश्न आकड्यावर अवलंबून आहे. ६० च्या घरातला आकडा एका पिढीत फुल होण्याची शक्यता थोडी, शंभरात पाचेक. ७० च्या घरात साधारण एक तृतीयांश. ८० च्या घरात निम्म्याच्या वर. १०० च्या पुढे जवळजवळ नेहमीच. हे अंदाज फक्त तो वाढलेला एक्स बाळाकडे गेला तर, आणि तो जाणार की नाही हे परत निम्मे-निम्मे. म्हणजे तुझाही आकडा ताईसारखा ८६ आला असं धर, तर दर गरोदरपणात भाच्यासारखं फुल म्युटेशन येण्याची शक्यता चारात एक ते तिनात एक यामध्ये कुठेतरी. या सीजीजींच्या मध्ये मध्ये एजीजी नावाची वेगळी अक्षरं येतात, ती असली तर आकडा कमी उडतो, म्हणून ६०-७० च्या आसपासचा आकडा आला तर एजीजी बघतात का तेही लॅबला विचारायचं. वर एक गंमत अशी की अंडाशयाला सगळ्यात जास्त त्रास ७० ते १०० च्या मधल्या आकड्यांत दिसतो, त्याहून खूप जास्त असलं तर उलट कमी. शरीर आपल्या हिशोबाने चालत नाही.

मग वाटा कुठल्या. सगळ्यात साधी म्हणजे घरच्या घरी प्रयत्न करायचे, फॉलिकल स्टडी करून योग्य दिवस पकडायचे, आणि दिवस राहिले की ११ ते १३ आठवड्यांत सीव्हीएस करायचं, म्हणजे वारेचा अगदी छोटा नमुना घेऊन बाळाचा आकडा बघायचा. गर्भपाताचा थोडा धोका असतो पण अनुभवी हातात तो कमी. ती वेळ हुकली तर १६ आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी. बाळाला फुल म्युटेशन निघालं तर गर्भपात करायचा की ठेवायचं हे तुम्ही दोघं ठरवणार, कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने ते करता येतं, म्हणून तारखा आधीपासून डोळ्यासमोर ठेवायच्या, नोंदणी केलेलं सेंटर आधी गाठून ठेवायचं, ऐनवेळी धावाधाव नको. मुलगा की मुलगी ते कुणी सांगणार नाही, १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने तो गुन्हा आहे, आणि विचारायचंही कारण नाही कारण तपासणी सरळ जनुकाचीच होते.

इथे एक अवघड जागा आहे जी लोक आधी सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. मुलग्यात फुल म्युटेशन निघालं तर पुढे काय होणार याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, तुम्ही भाचा बघितलाय. मुलीत फुल निघालं तर साधारण निम्म्या मुलींना शिकण्यात अडचणी येतात, कमी किंवा जास्त, आणि निम्म्या जवळपास व्यवस्थित असतात, थोडं लाजरेपण, गणिताची भीती, घाबरटपणा एवढ्यावर भागतं. यातली कुठली मुलगी पोटात आहे ते कुठलीही तपासणी सांगत नाही. आणि रिपोर्टमध्ये लिंग लिहायला कायद्याने बंदी, त्यामुळे तुमच्या हातात फक्त 'फुल म्युटेशन' एवढाच कागद येईल. ओपीडीत मी जोडप्यांना नेहमी एवढंच सांगायचे की हा कागद हातात पडला तर काय कराल ते सीव्हीएसच्या आधी बोला, नंतर नाही. काही जोडपी त्या बोलण्यातच ठरवतात की तपासणीच नको, येईल ते आपलं, आणि ते भाबडेपणाने म्हणत नाहीत, समजून उमजून म्हणतात. ताईच्या घरी जाऊन तुम्ही दोघांनी भाच्यासोबत एक पूर्ण दिवस काढा, सणावाराला पाहुण्यांसारखं नाही, साधा दिवस, त्याला जेवू घाला, शाळेतून आणा, रात्री झोपवा. तुमचं उत्तर तिथे जास्त मिळेल.

दुसरी वाट आयव्हीएफ आणि पीजीटी-एम, म्हणजे लॅबमध्ये गर्भ तयार करून त्याच्या थोड्या पेशी तपासायच्या आणि वाढलेला एक्स नसलेलाच गर्भ आत सोडायचा. ऐकायला उत्तम. गर्भपाताचा प्रश्न येत नाही हा फार मोठा दिलासा. पण हिशोब कर. अंडी कमी, समज चार-पाच मिळाली, त्यातली काही फळणार नाहीत, दोन-तीन गर्भ पाचव्या दिवसापर्यंत टिकले, त्यातले साधारण निम्मे वाढलेल्या एक्सचे म्हणून बाजूला. उरला एखादा, आणि तो सोडला तरी रुजेलच असं नाही. म्हणून काही ठिकाणी दोन-तीन वेळा अंडी काढून गर्भ साठवतात आणि मग एकदम तपासतात. हा काही लाखांचा विषय आहे आणि सुया तुलाच टोचणार आहेत. शिवाय तपासणीची तयारी करायलाच लॅबला वेळ लागतो, त्यांना तुझं, आईचं, ताईचं, भाच्याचं रक्त लागेल, म्हणजे ताईची आणि आईची तयारी आधी बघ. म्हणूनच मी म्हणते आयव्हीएफ सुरू करायच्या आधी आकडा हवा. तुमच्या मॅडम म्हणतात तसं लगेच साधं आयव्हीएफ केलं तर तुझी आहेत ती थोडकी अंडी न तपासलेल्या गर्भांत खर्च होतील, आणि नंतर आकडा कळल्यावर तू कपाळाला हात लावशील. तीन आठवडे थांबल्याने काही बिघडत नाही, तीन वर्षं थांबल्याने बिघडेल.

तिसरी वाट दुसऱ्या बाईचं अंडं. इथे आईची कल्पना, मावशीच्या मुलीची बीजं घ्यायची. आईच्या मनात वाईट काही नाही, पण हे नकोच. एक तर मावशी जवळजवळ नक्की कॅरियर आहे, म्हणजे त्या मुलीलाही ५० टक्के, जे टाळायला तू एवढं करतेयस तेच तू घरातूनच परत आणशील. दुसरं म्हणजे २०२१ च्या एआरटी, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या कायद्याने अंडी देणारी बाई नोंदणीकृत बँकेमार्फतच येते, २३ ते ३५ वयाची, आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त सात अंडी, आणि तिची ओळख गुप्त. बहिणीकडून, जावेकडून परस्पर घेणं यात बसत नाही. आणि तिसरं, त्या पोरीला या सगळ्याची कल्पनासुद्धा नाही आणि तिची बीजं आपण वाटून टाकतोय.

दत्तकाचं मी मुद्दाम लांबवत नाही, 'कारा' या दत्तकाच्या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी होते, लग्नाला दोन वर्षं झालेली चालतात, तुमची झालीत, वाट बघायचा काळ मोठा असतो म्हणून मनात असेल तर नाव आत्ताच घालून ठेवा, बाकीचं सुरू ठेवून. आणि मूल नको असं ठरवलं तरी ते ठरवणंच आहे, हार नाही.

मावशीच्या मुलीबद्दल माझं मत ठाम आहे आणि मावशीला ते आवडणार नाही. तिला सांगा. लग्नाच्या आधी. २३ वर्षांची सज्ञान मुलगी आहे, तिच्या शरीराची ही माहिती आहे, मावशीची नाही. मावशीची भीती मला कळते, आपल्याकडे पत्रिकेतल्या मंगळावरून स्थळं परत जातात तर याने काय होईल. पण गप्प बसून काय होईल ते तुझ्याकडे बघ, तुला हे पाच वर्षांपूर्वी कळलं असतं तर तेव्हाच अंडी गोठवायचा विचार करता आला असता आणि आज तुझ्याकडे जास्त वाटा असत्या. तिला आत्ता कळलं तर ती तपासून घेईल, साठा कमी वाटला तर अंडी गोठवून ठेवण्याचा विचार करू शकेल, लग्न झालेलं नसतानाही कायद्याने ते चालतं. न तपासण्याचाही तिला हक्क आहे. मुलाकडच्यांना काय सांगायचं, कधी सांगायचं ते तीच ठरवेल, फक्त बघण्याच्या कार्यक्रमात मध्यस्थाच्या कानावर घालायची ही गोष्ट नाही, दोघं एकमेकांशी नीट बोलायला लागले की मग त्या मुलाला एकट्याला. मावशीला समजवायला तू एकटी जाऊ नकोस, ताईला घेऊन जा. ताई जे बोलेल ते तुला बोलता येणार नाही.

सासरचं. मिस्टरांना सगळं माहितीये हे मला पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य वाटलं. सासूबाईंना तुझा रिपोर्ट दाखवायला तू बांधील नाहीस. पण काहीच न सांगणंही महागात पडतं, कारण मग महिन्या-महिन्याचा काढा चालू राहतो आणि तो तू पितेस. त्यांना एवढं सांगू देत की 'दोघांच्या तपासण्या चालू आहेत, डॉक्टरांनी बाहेरचं औषध बंद ठेवायला सांगितलंय, काही लागलं तर आम्हीच तुम्हाला सांगू.' आणि हे वाक्य मिस्टरांनी म्हणायचं, तू नाही. सुनेच्या तोंडून आलं की ते उलट उत्तर होतं, मुलाच्या तोंडून आलं की डॉक्टरांचा सल्ला. काढ्याच्या बाटल्यांवर काय लिहिलंय ते मात्र एकदा बघून डॉक्टरांना दाखव, लेबल नसलेल्या बऱ्याच औषधांत काय काय असतं देव जाणे.

कुठे जायचं विचारशील. मोठ्या शहरांत मेडिकल जेनेटिक्सची ओपीडी असते, मुंबईत परळला केईएम आणि वाडिया जवळजवळच आहेत, गर्दी असते, सकाळी लवकर पोचायची तयारी ठेव. जाताना कागदावर घराचा तक्ता काढून ने, आजोबांपासून भाच्यापर्यंत, प्रत्येकापुढे वय, पाळी कधी गेली, हात थरथरतात का, कुणाचं मूल लहानपणी उशिरा बोललं का, आजोबांच्या भावंडांचंही. हा एक कागद डॉक्टरांची निम्मी वेळ वाचवतो.

राहिली आई. तिची पाळी ३८ व्या वर्षी गेली आणि तिने ती अंगावर काढली, 'सुटले एकदाची' म्हणून. पण इतक्या लवकर पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन जातं, हाडं पोकळ व्हायला लागतात, हृदयालाही त्याचा फटका बसतो, म्हणून अशा बायकांना डॉक्टर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या देतात, ज्यांना चालतात त्यांना. तुझ्या आईचं ते वय गेलं असेल तर आता हाडांची डेक्सा तपासणी, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी एवढं तरी करून घ्या, मावशीचंही. घरात घसरून मनगट मोडलं की मग तपासायचं असं नको. तुझी पाळी पुढे थांबली तर तुलाही हेच लागेल, मूल झालं असो वा नसो, ते मुलासाठीचं औषध नाही, तुझ्यासाठीचं आहे.

आणि आजोबांच्या मेंदूच्या डॉक्टरांना भाच्याचा रिपोर्ट दाखवा. पार्किन्सनच्या गोळ्या लागू पडत नाहीत त्याचं कारण हेच असू शकतं, ते एमआरआय बघतील, रक्त तपासतील. पूर्ण बरं करणारं औषध नाही, पण चुकीच्या गोळ्या कमी होतील आणि तोल जाऊन पडू नये म्हणून व्यायाम, काठी, बाथरूममध्ये पकडायला दांडा हे तरी होईल. त्यांना हे सांगताना जपून, त्या वयाच्या माणसाला 'माझ्यामुळे नातवंडांना' असं पटकन लागतं.

रिपोर्ट आला की आकडा कळव, दोन्ही आकडे, आणि तेव्हाच्या एफएसएचचा कागदही असू दे. मग पुढचं त्या आकड्यावर बोलू.